गोगलगायीची गोष्ट मी चुकीची सांगितली, दाजी

दाजी,

तुमची माफी मागायला मला दोन वर्षं मिळाली होती. या दोन वर्षांत बजाजनगरहून फुलंब्रीला तुमच्याकडं मी कितीदा तरी आलो. ओट्यावर बसलो, ताईच्या हातचा चहा प्यालो, जाताना भाकरी-ठेचा बांधून घेतला, मोटारसायकलला किक मारली आणि 'येतो दाजी' म्हणून निघालो. वाळूजच्या वळणावर आलो की आठवायचं, अरे, ते राहिलंच. मग पुढच्या वेळी.

परवा तुमचा दहावा झाला. पुढची वेळ आता नाही, म्हणून लिहितोय. तुम्हाला वाचता यायचं नाही. कुणी वाचून दाखवलं असतं तरी दुसऱ्या ओळीला तुम्ही म्हणाला असता, "दिनू, लांबण लावू नको. मुद्द्याचं बोल."

मुद्द्याचं एवढंच, की समुद्रावरची ती गोगलगायीची गोष्ट मी सतरा वर्षं चुकीची सांगितली. पंधरा वर्षं न कळून. आणि त्यानंतर एकदा, चांगलं कळून. माफी त्या एकदाची आहे.

मेहुण्यानं दाजीची थट्टा करायची, ही आपल्यातली रीतच. लग्नाच्या मांडवात तुम्ही आमच्या ताईला घेऊन जायला आलात तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि तुमची चप्पल लपवण्यापासून जी सुरुवात केली ती पन्नाशी ओलांडली तरी थांबली नाही. तुम्हीही ती मनावर घेतली नाही. मी दहावीला नापास झालो तेव्हा बापानं घरातून काढायचंच बाकी ठेवलं होतं. तुम्ही येऊन मला घेऊन गेलात. एक पावसाळा तुमच्या मेंढरांमागं हिंडलो. मेंढरं माझं ऐकायची नाहीत, कुत्रंसुद्धा ऐकायचं नाही. पावसाळा संपल्यावर तुम्ही म्हणालात, "ह्या धंद्यात तुझा निभाव नाय लागायचा. तू मशिनीचं शिक." स्वतः मला आयटीआयला घालायला आलात, खांद्यावर घोंगडी टाकून. तिथल्या क्लार्कनं विचारलं, "तुम्ही कोण यांचे?" तुम्ही म्हणालात, "ह्येची भैन दिली मला." लोक हसले. मला लाज वाटली होती, दाजी. तेही कधी सांगितलं नाही.

आयटीआयच्या जोरावर वाळूजला कंपनीत लागलो. आजही दिवसभर गेज लावून पार्ट तपासतो. केसाएवढा फरक असला तरी पार्ट बाजूला काढतो. कंपनीत माझ्या मापाला मान आहे. घरी गोष्ट सांगताना मात्र मी कसलंच माप पाळत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार.

आता ती सहल. मित्राची जीप मागून आणली होती. मी चालवायला, शेजारी माझी बायको सुनंदा, मागं तुम्ही, ताई आणि आमची सात वर्षांची रेणू. आपल्यातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता. रत्नागिरीच्या बाजूला एका गावात पोचलो. तुम्ही पाण्याकडं बराच वेळ बघत उभे राहिलात. मला वाटलं, भारावलात. मग मला विचारलंत, "हे जनावरांना पाजाया येतं का?"

"खारट असतं दाजी."

"समदं?"

"समदं."

"मंग एवढं पाणी काहून ठिवलंय?" म्हणालात, आणि पाठ फिरवून खडकावर बसलात. यावर आपला वाद जो झाला तो पुढं सतरा वर्षं चालला. मी म्हणायचो, समुद्र आहे म्हणून पाऊस आहे. तुम्ही म्हणायचात, "फुलंब्रीत तर कुठं पडतोय." हा वाद तुम्हीच जिंकलात असं धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. खडक उघडे पडले होते, मधल्या खळग्यांत पाणी साचलेलं. तुमचा नवा एडका त्या साली कळपाच्या पुढं चालायला लागला होता आणि त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला कवड्या लावायच्या होत्या. कवड्या तुम्ही जत्रेतून आणल्या होत्याच; मधोमध लावायला एखादा मोठा शंख हवा होता. तुम्ही रेणूला म्हणालात, "बाळा, हितं लई असत्यात म्हणं. चांगला नक्षीचा एखादा बघ."

यात आपली सगळ्यांचीच एक चूक होती. जत्रेत कवड्या-शंख टोपलीत कोरडे खडखडीत मिळतात. आपल्याला वाटायचं, समुद्र ते तसेच तयार करून ठेवतो. त्यांच्या आत कुणी राहत असेल, हे मेंढपाळाच्याही डोक्यात आलं नाही आणि आयटीआयवाल्याच्याही.

रेणू पळत आली. मुठीत मावेल एवढा शंख, एका बाजूनं निमुळता, पिवळसर तपकिरी. त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची अशी दाट नक्षी की ताई म्हणाली, "अगं बाई, हिमरूची शाल पांघरली व्हय गं ह्येनं?" रेणूनं तो तळहातावर ठेवून तुमच्यापुढं धरला. तुम्ही वाकून बघितलंत. आणि पुढच्या क्षणी तुम्ही तिच्या हातावर अशी चापट मारलीत की शंख उडून खडकावर पडला. काठीनं तो पाण्यात ढकललात. ढकलताना शेवाळावर पाय सरकला, तुम्ही बसलात, टोपी पाण्यात गेली. रेणूनं भोकाड पसरलं.

मी धावत आलो. "दाजी, काय झालं?"

"जित्तं व्हतं त्ये."

"गोगलगाय असेल."

"आसंल. पण तिनं सोंड भायेर काढली व्हती. पोरीच्या बोटाकडं आणत व्हती."

"गोगलगायीला कुणी भितं का?"

"जनावर वळखीचं नसलं तर हात नाय लावायचा," तुम्ही म्हणालात. मेंढरांमागं तुमचं आयुष्य गेलेलं; बिळात, झुडपात, दगडाखाली आधी काठी घालून बघायची, ही तुमची कामाची पद्धत. मला ती माहीत होती. एक पावसाळा मीही तसंच केलं होतं. पण पोरीच्या मनगटावर तुमची बोटं उमटली होती आणि ती हुंदके देत होती. तेव्हा मी बोललो.

मी म्हणालो, "तुम्हाला मेंढरापलीकडं काही कळत नाही."

तुम्ही पाण्यातली टोपी उचललीत, पिळलीत आणि डोक्यावर ठेवलीत.

दाजी, हे वाक्य मी माझ्या गोष्टीत कधीच घेतलं नाही. बाकी सगळं घेतलं, वाढवून घेतलं. पहिल्या वर्षी तुम्ही नुसते घसरला होतात. तिसऱ्या वर्षापर्यंत तुमचं धोतर सुटलं. पुढं गोगलगाय तुमच्या मागं लागली. मग असं झालं की दाजी पुढं, गोगलगाय मागं, आणि दाजी वळून वळून बघतायत ती किती जवळ आली. इथं मी गोगलगायीची चाल करून दाखवायचो आणि मग तुमची. हळदीला, बारशाला, कुठंही चार पाहुणे जमले की कुणीतरी म्हणायचंच, "दिनकरराव, गोगलगायीची होऊ द्या." लोक पोट धरून हसायचे. तुम्हीही हसायचात. एकदा मी घाईत धोतराचा भाग गाळला तर तुम्हीच मागून म्हणालात, "धोतर ऱ्हायलं की." मला वाटायचं, दाजींना आवडतंय. हसवणाऱ्या माणसाला असं वाटून घ्यायला फार काही लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी रेणू फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. एका संध्याकाळी मोबाइल घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. "पप्पा, हा बघा. ओळखता का?"

तोच शंख. पिवळसर तपकिरी, वर पांढरे त्रिकोण. मी चहाचा कप खाली ठेवून मोबाइल हातात घेतला.

तिनं समजावून सांगितलं. कोन स्नेल म्हणतात. समुद्रातली गोगलगाय, पण शिकार करून खाणारी. हिच्या अनेक जाती. कुणी किडे खातं, कुणी दुसऱ्या गोगलगायी, कुणी चक्क मासे. पळता येत नाही म्हणून सोंडेच्या टोकाला सुईसारखा पोकळ दात ठेवते आणि भक्ष्य जवळ आलं की मारते. दातातून विष जातं. यातल्या काही जातींच्या डंखानं माणसं मेलीत. उतारा नाही. माणसाचा श्वास चालू ठेवायचा आणि विष ओसरायची वाट बघायची, एवढंच डॉक्टरच्या हातात.

"माझ्या हातात होती ती नक्की हीच जात का, हे सातव्या वर्षीच्या आठवणीवरून मी छातीठोक नाही सांगू शकत," रेणू म्हणाली. "पण होती यातलीच. आणि सोंड काढली होती असं मामा म्हणाले होते." तुम्हाला ती मामाच म्हणायची. "पप्पा, मामांना सांगायला पाहिजे."

"सांगू की," मी म्हणालो. "या रविवारी जाऊ."

त्या रविवारी तुमच्या पुतणीचं लग्न निघालं. जेवणं झाली, मंडळी सैलावली, आणि कुणीतरी म्हणालंच, "दिनकरराव." शंभरएक माणसं होती, दाजी. सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या. मला वाटलं होतं, आज खरं सांगायचं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "तर आमचे दाजी समुद्रावर गेले." हशा तिथंच सुरू झाला. मग मला थांबता येईना. खरं म्हणजे थांबायचंच नव्हतं. मी तुमची चाल केली, गोगलगायीची चाल केली. तुम्ही मागच्या रांगेत मांडी घालून हसत होता. रेणू उठून बाहेर गेली.

परतताना गाडीत तिनं एकच विचारलं. "पप्पा, कळल्यावरसुद्धा?"

पंधरा वर्षं ज्या गोष्टीवर टाळी मिळाली तीच माझ्यावर उलटणार होती. त्यात वेडा मी ठरणार होतो. तेवढं मला झालं नाही.

मग तुमची पाठ धरली. पाठीचं निमित्त, आणि तपासण्या झाल्या तेव्हा कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला होता. शेवटचे तीन महिने तुम्ही खाटेवर, आणि दुखणं असं की तुमच्यासारखा माणूस दात आवळून भिंतीकडं तोंड करायचा. मी दर रविवारी येत होतो. पायाशी बसत होतो. गावाकडच्या, कंपनीतल्या गमती सांगत होतो. म्हणजे बडबडत होतो.

एकदा रेणू बरोबर होती. शेवटी तिनंच विषय काढला. तुम्हाला सगळं सांगितलं, फोटो दाखवला. तुम्ही मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघत राहिलात. ती म्हणाली, "मामा, हिच्या एका बहिणीच्या विषावरून दुखण्याचं औषध काढलंय. फार भारी. मणक्यात सोडतात. पण इकडं नाही मिळत."

तुम्ही म्हणालात, "म्हंजी त्या दिशी फेकाया नको व्हती. खिशात घालून आणायची व्हती."

सगळे हसले. ताईसुद्धा. तुम्हीही हसलात आणि हसताना पाठीत कळ आली. मग तुम्ही माझ्याकडं बघितलंत. दाजी, ती वेळ होती. खोलीत घरचीच माणसं होती. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "पण धोतर सुटल्यावर खिसा कुठला राहिला?"

तुम्ही परत हसलात. डोळे मिटून घेतलेत. पुढच्या रविवारच्या आधी तुम्ही गेलात.

दहाव्याला जेवणं उरकली. तुमच्या धाकट्या भावानं, भगवानरावांनी, मला ओट्यावर बोलावलं. "दिनकरराव, ती गोगलगायीची सांगा. भाऊला आवडायची." पंधरा-वीस माणसं होती. ताई दारात बसली होती, रेणू तिच्याजवळ.

मी सांगितली. या खेपेला धोतर सुटलं नाही, गोगलगाय कुणाच्या मागं लागली नाही. एडक्याचा पट्टा सांगितला, सोंड सांगितली, चापट सांगितली. लोक सवयीनं जुन्या जागांवर हसले. तुम्ही घसरलात तिथं तर चांगलेच हसले. मग माझं ते वाक्य सांगितलं. मग ती गोगलगाय कोण होती ते. मग लग्नातलं, आणि खाटेजवळचं. तोवर कुणी हसत नव्हतं. मी म्हणालो, "माझं चुकलं. दाजींना सांगायचं होतं, तुम्हाला सांगतोय." आणि संपलं. कुणाला काय करावं कळेना. भगवानराव म्हणाले, "बरं. चहा घ्या." इतकी वाईट गोष्ट मी आयुष्यात सांगितली नव्हती.

तेव्हा ताई बोलली. दहा दिवसांत ती फार बोललीच नव्हती.

"वापस येतानाचं नाय सांगितलं."

"येतानाचं काय?"

"तुला म्हाईत नाय व्हय?" तिनं रेणूकडं बघितलं, रेणूनं मान हलवली, तिलाही नीट आठवत नव्हतं. मग ताईनं सांगितलं, आणि ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण यात मला वाढवायचं काही नाही.

"तू पोरीचे पाय धूत व्हता तवा हे तिथल्या एका कोळणीकडं गेले. इचारलं, असं असं जनावर व्हतं. ती म्हणली, डसतंय त्ये. डसलं का? आता पोर रडत व्हती ती ह्यांच्या चापटीनं का डंखानं, हे कुणाला कळंना. बोटावर काय दिसंना. ती म्हणली, ध्यान ठिवा, वाटंत मोठा दवाखाना हाय. हे मला म्हणले, दिनूला बोलू नको. घाटात गाडी चालवायचीय त्याला, हात कापतील त्याचे. काय दिसलं की म्या गाडी थांबवतो. मंग पोरीला मांडीवर घेतली. समदा घाट तिचं बोट दाबून बघत व्हते. मुंग्या येत्यात का बाळा, जीभ जड लागती का बाळा. पोर झोपली तर नाकाशी हात धरून बसले. तू पुढं तोंड फुगवून गाडी हाकत व्हता."

मला ते तोंड आठवलं, दाजी. मागच्या आरशात तुम्ही दिसत होता, रेणूला कवेत घेऊन. मला वाटलं होतं, पोरीला मारल्याची लाज वाटून लाड करतायत. मी आरसा फिरवला होता.

"मग नंतर का नाही सांगितलं?" मी ताईला विचारलं.

"म्या म्हणलं ना, सांगा आता त्याला. तर म्हणले, पोरगी खेळायला लागली, आता कशाला. म्याच धाडली व्हती तिला शंख आणाया, मपलीच चूक. मंग तू ती गोष्ट सांगाया लागला. मला राग यायचा. तर म्हणले, सांगू दे त्याला. तवा मला वंगाळ बोलला ते खुपतंय त्याला. लोकांना हसवून वर माती टाकतोय. टाकू दे."

मी ओट्यावरून उठलो आणि गोठ्याकडं जाऊन उभा राहिलो. कारण पन्नाशीच्या माणसानं दहाव्याच्या जेवणात पाहुण्यांपुढं असं रडू नये. मेंढरापलीकडं तुम्हाला काही कळत नाही, असं मी म्हणालो होतो. माझं तुम्हाला सतरा वर्षं कळत होतं. मला ते कळावं असंही तुम्ही कधी केलं नाहीत. माफी मागायची वेळ माझ्यावर येऊच नये, याचीच तुम्ही काळजी घेत होता. त्या खोलीत तुम्ही माझ्याकडं बघितलंत ते माफीची वाट बघत नव्हता; धोतराची वाट बघत होता, मला सोपं जावं म्हणून. असं मला आता वाटतं. खरं काय ते विचारायला तुम्ही नाही.

रेणू मागून आली. माझ्याशेजारी गव्हाणीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "पप्पा, पुढच्या वेळी मी सांगणार ही गोष्ट."

"सांग."

"घाटातलं घेणार."

"घे."

"तुम्ही मामांना बोललात, ते पण घेऊ?"

मी म्हणालो, "ते आधी घे."